मालट्रकांचा आंतरराज्य प्रवास: बंदीपूरचे नऊ तास आणि चालकाची झोप

म्हैसूर शहरातील लष्कर मोहल्ला हा जुन्या बाजारपेठेचा परिसर आहे. सेंट फिलोमिना चर्च आणि अशोक रस्ता या त्याच्या ओळखीच्या खुणा. महाराष्ट्रातून आलेला माल या भागात उतरवून केरळकडे जाणाऱ्या ट्रकचालकाला रस्त्यापेक्षा घड्याळाचा विचार आधी करावा लागतो. म्हैसूरहून नंजनगूड, गुंडलुपेटमार्गे वायनाड व कोळिकोडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 766 बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि रात्री 9 ते सकाळी 6 या वेळेत तो वाहतुकीसाठी बंद असतो.

ही बंदी 2009 साली चामराजनगर जिल्हा प्रशासनाने लागू केली. काही दिवसांत ती मागे घेण्यात आली. मात्र कर्नाटक उच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. रात्री वाहनांच्या धडकेत वन्यप्राणी मरण पावतात, हे बंदीचे कारण होते. गुंडलुपेटहून मुदुमलैमार्गे उटीकडे जाणाऱ्या महामार्गालाही हीच वेळ लागू आहे. रुग्णवाहिकेसारखी तातडीची वाहने आणि मोजक्या सरकारी बसगाड्यांना सवलत आहे, मालट्रकला नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता दिवसाही बंद ठेवण्याच्या शक्यतेबाबत विचारणा केल्यानंतर सुल्तान बत्तेरी येथे तरुणांनी उपोषण केले होते.

लष्कर मोहल्ल्यापासून गुंडलुपेट सुमारे 60 किलोमीटर आहे. भरलेल्या ट्रकला शहराबाहेर पडण्याचा वेळ धरून दोन तास सहज लागतात. त्यापुढे जंगलाचा पट्टा उजेडातच पार करणे श्रेयस्कर. त्यामुळे दुपारी चारनंतर माल उतरवून झाला, तर त्या दिवशी पुढे निघण्याचा आग्रह धरू नये, असे सुचवावेसे वाटते. नऊच्या आत नाका गाठण्यासाठी भरधाव निघालेला ट्रक हा बंदीचाच एक अनिष्ट परिणाम आहे. मालक आणि बुकिंग एजंट यांनी तेवढे तरी ध्यानात घ्यावे.

पर्यायी मार्ग हुणसूर, गोणीकोप्पल, कुट्टमार्गे मानंतवाडीला जातो. तो लांबचा व वळणांचा आहे. एच. डी. कोटेहून बावलीमार्गे जाणारा रस्ता जवळचा दिसतो, परंतु तो नागरहोळेच्या जंगलातून जातो आणि तेथेही रात्रीची बंदी आहे. नकाशावर अंतर पाहून हा रस्ता धरणारे चालक सायंकाळी अडकून पडतात.

प्रवासाचा आराखडा मात्र म्हैसूरला नव्हे, माल भरतानाच ठरवायला हवा. कोल्हापूरहून निपाणी, हुबळी, चित्रदुर्ग, हिरियूरमार्गे म्हैसूर सहाशे ते सातशे किलोमीटरच्या दरम्यान आहे. ताशी सरासरी 40 ते 45 किलोमीटर धरल्यास हे सुमारे पंधरा तासांचे काम होते. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा 1961 च्या कायद्याने घातली. 2025 साली तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, तरी आठ तासांची चौकट कायम आहे. म्हणजे म्हैसूर हा दुसऱ्या दिवसाचा मुक्काम ठरतो आणि वायनाड तिसऱ्या दिवसाचे काम. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालकांची सक्ती 2018 साली काढून टाकण्यात आली. तेव्हापासून एकच चालक हा सगळा पल्ला ओढतो. बंदीपूरच्या नाक्यावर थांबावे लागणारे तास वाया गेले असे न मानता झोपेचे मानले, तर हिशेब जुळतो.

ई-वे बिलाची मुदत या मुक्कामांना पुरते. 50,000 रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ते लागते व 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. पहिला दिवस दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्री संपतो. त्यामुळे म्हैसूर ते कोळिकोड या सुमारे 210 किलोमीटरसाठीही दोन दिवस हाती असतात. 'उशीर झाला तर बिल संपेल' ही भीती बहुधा निराधार असते. गाडी बिघडलीच, तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. माल दुसऱ्या गाडीत चढवल्यास नवा गाडी क्रमांक बिलात नोंदवणे मात्र अनिवार्य आहे. अनेकदा दंड होतो तो याच कारणाने.

परवान्याबाबत एक मुद्दा वारंवार विसरला जातो. महाराष्ट्राचा राष्ट्रीय परवाना असलेला ट्रक लष्कर मोहल्ल्यात रिकामा झाला, तर तेथून केरळसाठी भाडे घेऊ शकतो; परंतु मंगळूर किंवा हुबळीसाठी नाही. परराज्यातील दोन ठिकाणांदरम्यान मालाची ने-आण करण्यास या परवान्यावर मनाई आहे.

वजनाच्या बाबतीत 2018 साली तीन आसांच्या ट्रकची मर्यादा 25 टनांवरून 28.5 टन करण्यात आली, तरी गाडीच्या नोंदणीपुस्तकात लिहिलेले वजनच ग्राह्य धरले जाते. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्यात 2019 पासून 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे; शिवाय जादा माल उतरवावा लागतो. माल भरल्यावर वजनकाट्याची पावती घेऊन ठेवणे स्वस्त पडते. नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र, पीयूसी, परवाना व चालकाचा परवाना हे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवलेले चालतात. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून छापील प्रती सोबत असाव्यात.

वायनाडहून खाली उतरताना ताम्रश्शेरी घाटात नऊ तीव्र वळणे आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये लक्किडीजवळ दरड कोसळून हा घाट बंद करावा लागला होता. पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाटाची चौकशी करावी. दसऱ्याच्या दिवशी म्हैसूरची मिरवणूक सय्याजीराव रस्त्याने बन्नीमंटपकडे जाते. त्या सुमारास लष्कर मोहल्ल्यालगतचे रस्ते बंद राहतात, तेव्हा माल आदल्या आठवड्यात उतरवावा अथवा रिंग रोडवर थांबून छोट्या टेम्पोने आत न्यावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 आणि तातडीच्या प्रसंगी 112 हे क्रमांक उपलब्ध आहेत.