शिक्षकांचे डिजिटल प्रशिक्षण, सुरत

वर्गातला विषय संगणक, प्रोजेक्टर, मोबाईल आणि इंटरनेट यांच्या आधाराने शिकवता यावा, म्हणून नोकरीत असलेल्या शिक्षकांना दिले जाणारे शिक्षण. सुरतेत हे काम इतर अनेक शहरांपेक्षा अवघड आहे. इथली नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. कापडाच्या धंद्याने खानदेशातून ओढून आणलेली हजारो कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. त्यांची मुले घरी अहिराणी बोलतात, पुस्तकात मराठी वाचतात आणि रस्त्यावर गुजराती-हिंदी बोलतात. शिक्षकाला दिलेले साधन या मुलांपर्यंत कोणत्या भाषेत पोहोचते, हा इथला खरा प्रश्न आहे.

नवे तंत्र आणि शिक्षक यांची गाठ सुरतेला नवी नाही. मुंबईत शिक्षकी पेशाचे शिक्षण घेऊन आलेल्या दुर्गाराम मेहताजींनी 1842 मध्ये मित्रांच्या साहाय्याने सुरतेत शिळाप्रेस आणला. 1844 मध्ये त्यांच्याबरोबर मानवधर्म सभा स्थापन करणाऱ्यांत मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. ते तेव्हा सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत असत. पुढे मुंबईत शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. छापखाना आणि अध्यापकवर्ग ही दोन्ही त्या काळातली नवी साधने होती, आणि दोन्ही शिक्षकांनीच हाताळली.

देशपातळीवर शाळेत संगणक नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न 1984-85 च्या ‘क्लास’ प्रकल्पात झाला. त्याआधी, 1975-76 च्या ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण देण्यात आले होते. गुजरातने ही वाट गांधीनगरच्या ‘बायसेग’ संस्थेमार्फत पुढे चालवली. स्टुडिओतून प्रक्षेपण होते आणि शिक्षक ठिकठिकाणी पडद्यासमोर बसून ते पाहतात.

गुजरातच्या शिक्षकांच्या बोलण्यात मात्र आधी ‘सीसीसी’ येते. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीची ही संगणक-परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय उच्चतर वेतनश्रेणी किंवा बढतीचा मार्ग मोकळा होत नाही. सैद्धांतिक आणि प्रात्यक्षिक असे तिचे दोन भाग असतात. हिच्यामुळे असंख्य शिक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण फाईल कशी साठवावी हे येणे आणि अपूर्णांक पडद्यावर कसे समजावावेत हे येणे, यांत मोठे अंतर आहे. परीक्षा पहिल्यापाशीच थांबते. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाचीही गत याहून फारशी वेगळी नाही.

5 सप्टेंबर 2017 हा शिक्षकदिन या विषयात महत्त्वाचा ठरला. त्या दिवशी दिल्लीत ‘दीक्षा’ या राष्ट्रीय डिजिटल मंचाचे उद्घाटन झाले, आणि गुजरातने ‘ज्ञानकुंज’ प्रकल्प सुरू केला. वर्गात प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पर्शाने चालणारा फळा, असे त्याचे स्वरूप. प्रशिक्षण वरून खाली झिरपते: गांधीनगरच्या जीसीईआरटी या राज्य संस्थेकडून जिल्ह्याच्या ‘डाएट’ या प्रशिक्षण संस्थेकडे, तिथून मास्टर ट्रेनर व शाळासमूहांच्या सीआरसी समन्वयकांकडे आणि शेवटी शाळेत. प्रत्येक पायरीवर थोडे सांडते, आणि वर्गापर्यंत पुष्कळदा यंत्र चालू-बंद करण्याच्या सूचनाच उरतात.

2019 मध्ये सुमारे 42 लाख शिक्षकांचे लक्ष्य ठेवून ‘निष्ठा’ हा राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम आला. तो सुरुवातीला समोरासमोर होत होता. कोविडमुळे ऑक्टोबर 2020 पासून ‘दीक्षा’वर गेला. त्याच काळात गुजरातच्या शिक्षकांना मायक्रोसॉफ्ट टीम्सवर वर्ग घ्यावे लागले. तोवर पुढे ढकललेले प्रशिक्षण सगळ्यांनी काही आठवड्यांत, एकमेकांना फोनवर विचारत, स्वतःच करून घेतले. गरज खरी असली की शिक्षक किती लवकर शिकतो, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नसेल.

यानंतर ओझे वाढले ते माहिती भरण्याचे. गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात राज्यभरातल्या शाळांची हजेरी आणि गुण एकत्र होतात. पंतप्रधानांनी 18 एप्रिल 2022 रोजी या केंद्राला भेट दिली. केंद्राचा उपयोग आहे. पण एकम कसोटीचे, म्हणजे घटक चाचणीचे, गुण ॲपमध्ये चढवायला शिकवणे म्हणजे अध्यापनाचे प्रशिक्षण नव्हे, आणि तसे ते मोजले जाऊ नये.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी 2006 मध्ये मांडलेल्या ‘टीपॅक’ आराखड्याचे सांगणे हेच आहे: विषयाचे ज्ञान, शिकवण्याची हातोटी आणि तंत्राची जाण ही तिन्ही एकाच धड्यात एकत्र यावी लागतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, तेव्हा धडा आधी आला आणि साधन नंतर. 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ त्यांना मिळाला आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली.

महाराष्ट्रात तयार झालेली अशी सामग्री सुरतेच्या मराठी शाळांना मात्र जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांची पुस्तके मराठीत असली तरी गुजरात राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची असतात; 2018 पासून गणित-विज्ञानात एनसीईआरटीचा क्रम आला. महाराष्ट्राच्या बालभारतीचा व्हिडिओ भाषेने जवळचा, पण धड्याने दूरचा. गांधीनगरची सामग्री धड्याने जवळची, पण तिची पहिली भाषा गुजराती.

इथल्या शिक्षकांच्या हातात तापी नदीचे मोठे भांडवल मात्र आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, भुसावळवरून खानदेश ओलांडते आणि उकाई धरण मागे टाकून सुरतेत येते. उपग्रहाच्या नकाशावर हा प्रवाह सरकवत नेला, की मुलाचे गाव आणि त्याचे आजचे घर एकाच नदीवर दिसतात. ऑगस्ट 2006 चा सुरतेतला महापूर, धरणातला विसर्ग आणि भरतीची वेळ हे सगळे त्या एका तासात समजावता येते. अशा धड्याची तयारी करून घेणे हेच प्रशिक्षणाचे काम आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. सुरतेच्या मराठी शाळांसाठी त्यांतले निम्मे तास तरी मराठीतून, मराठी माध्यमाच्याच अनुभवी शिक्षकांच्या हातून आणि वर्गात मुले समोर असताना व्हायला हवेत.