डेटाबेस सर्व्हरची ई-मेल सूचना : निघाली, पण पोहोचली का?

कार्यालयातील डेटाबेसचा बॅकअप बहुधा मध्यरात्री, कोणी जागे नसताना घेतला जातो. तो फसला तर सर्व्हरने संबंधितांना ई-मेल पाठवावी, अशी व्यवस्था सर्वत्र रूढ आहे. ती किती काळजीपूर्वक तपासावी लागते, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या सेवेला कळून चुकले. प्रोग्रॅमर मंडळी आपले कोड येथे साठवितात. एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसमधील माहिती पुसली गेली. रोजचा बॅकअप शोधला, तर तो नव्हताच. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा होता, तर बॅकअप घेणारे साधन चालत होते ९.२ चे. बॅकअप फसल्याची ई-मेल मात्र निघत होती. पाठविणाऱ्याची ओळख पटविणारी 'डीमार्क' पडताळणी त्या ई-मेलसाठी केलेली नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. अखेर सुमारे सहा तास आधी एका वेगळ्याच कामासाठी घेतलेली प्रत उपयोगी पडली. मधल्या सहा तासांतील माहिती गेली ती गेलीच.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही सोय अंगभूत आहे. पूर्वीच्या 'एसक्यूएल मेल'साठी सर्व्हरवर आउटलुकसारखा मेल प्रोग्रॅम बसवावा लागे. २००५ च्या आवृत्तीत थेट एसएमटीपीने पत्र पाठविणारी 'डेटाबेस मेल' आली आणि २०१२ च्या आवृत्तीतून जुनी पद्धत काढून टाकण्यात आली.

सुरक्षेच्या कारणास्तव ही सोय मुळात बंद असते. मॅनेजमेंट स्टुडिओतील 'मॅनेजमेंट' विभागात 'डेटाबेस मेल'वर राइट क्लिक करून ती सुरू करता येते. प्रथम अकाउंट तयार करावे लागते. त्यात पाठविणाऱ्याचा पत्ता, एसएमटीपी सर्व्हरचे नाव, पोर्ट आणि पासवर्ड भरावा लागतो. सुरक्षित जोडणीसाठी सहसा ५८७ क्रमांकाचे पोर्ट चालते. ४६५ वर डेटाबेस मेलची डाळ शिजत नाही. जीमेलच्या वैयक्तिक खात्याचा नेहमीचा पासवर्ड २०२२ पासून अशा कामी चालत नाही. दुहेरी पडताळणी सुरू करून वेगळा 'अॅप पासवर्ड' घ्यावा लागतो. मग प्रोफाइल तयार करून त्यात एक वा अधिक अकाउंट जोडायची. पहिले अकाउंट निकामी ठरल्यास दुसरे वापरले जाते. अर्थात, दोन्ही अकाउंट एकाच मेल सर्व्हरवरची असतील तर त्यातून फारसे काही साधत नाही.

यानंतर चाचणीची ई-मेल धाडली, की 'पत्र रांगेत लावले' असा संदेश दिसतो. येथेच अनेकांची फसगत होते. पत्र तेव्हा एमएसडीबी या अंतर्गत डेटाबेसमधील रांगेत असते आणि एक स्वतंत्र प्रोग्रॅम ते मागाहून पाठवितो. नोंदीत 'सेंट' दिसले, तरी त्याचा अर्थ मेल सर्व्हरने पत्र स्वीकारले एवढाच. पत्रपेटी, तिच्यातील स्पॅमच्या फोल्डरसह, उघडून पाहण्यास पर्याय नाही. पत्र निघालेच नसेल, तर कारण डेटाबेस मेलच्या लॉगमध्ये सापडते.

चाचणीचे पत्र आले तरी काम संपत नाही. ठरलेल्या वेळी कामे उरकणारा 'एसक्यूएल सर्व्हर एजंट' हा वेगळा घटक आहे. त्याच्या प्रॉपर्टीजमधील 'अलर्ट सिस्टीम'मध्ये प्रोफाइल निवडून एजंट पुन्हा सुरू करावा लागतो. ही पायरी राहिली, तर चाचणी यशस्वी आणि सूचना गायब, असा प्रकार घडतो. पुढे 'ऑपरेटर' नोंदवून प्रत्येक जॉबच्या 'नोटिफिकेशन्स'मध्ये, काम फसल्यास त्याला कळवावे, असे नमूद करायचे. ऑपरेटरचा पत्ता व्यक्तीचा नव्हे, गटाचा असावा. माणसे रजेवर जातात, नोकऱ्या बदलतात. डिस्कवरील बिघाड दर्शविणाऱ्या ८२३, ८२४ आणि ८२५ या त्रुटींसाठी स्वतंत्र अलर्ट लावणे अगत्याचे आहे. विनामूल्य एक्सप्रेस आवृत्तीत एजंट नसतो, त्यामुळे तेथे विंडोजच्या टास्क शेड्युलरचा आधार घ्यावा लागतो.

पाठविलेल्या पत्रांच्या प्रती एमएसडीबीमध्ये साचत जातात. त्या अधूनमधून काढून टाकाव्या लागतात.

सर्व्हरच बंद पडला, तर तो कोणाला काय कळविणार? यशाचीही ई-मेल रोज मागवावी, असा एक उपाय सुचविला जातो. पण रोज येणारे पत्र आठवडाभरात कोणी उघडतही नाही. त्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या संगणकाने शेवटच्या बॅकअप फाइलची तारीख रोज तपासावी आणि ती जुनी आढळल्यास आपल्या स्वतंत्र मेल खात्यावरून कळवावे, हे अधिक भरवशाचे.