नादानें रेखाटलेलीं रूपें

गढूळ पाण्यांत, पोलादाच्या गाभ्यांत किंवा मनुष्याच्या देहांत प्रकाशाला फारसा शिरकाव नाहीं; ध्वनीला मात्र तेथें मज्जाव नसतो. तेव्हां जेथें डोळे थिटे पडतात तेथें ध्वनीकडूनच वस्तूचें रूप काढून घेतां येईल काय, या प्रश्नानें विसाव्या शतकांतील शास्त्रज्ञांना दीर्घकाळ झुलविलें.

१९१२ सालीं ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळून बुडाली. त्यानंतर दोनच वर्षांनीं रेजिनाल्ड फेसेंडेन यांनीं समुद्रांत ध्वनि सोडून प्रतिध्वनीवरून हिमनगाचा ठाव लावला. पहिल्या महायुद्धांत पॉल लांजव्हाँ यांनीं क्वार्ट्झच्या स्फटिकांतून कानांस न ऐकूं येणारा ध्वनि उत्पन्न करून पाणबुड्यांच्या शोधास जुंपला. पण प्रतिध्वनि वस्तु कोठें आहे एवढें सांगे. ती कशी आहे, हें सांगण्याची त्याची ऐपत नव्हती.

ती युक्ति आली भलत्याच वाटेनें. हंगेरींत जन्मलेले डेनिस गाबोर १९४७ सालीं इंग्लंडमध्यें रग्बी येथें इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांतील दोषांशीं झगडत होते. त्या कामाशीं ध्वनीचा कांहीं संबंध नव्हता. छायाचित्रांत प्रकाशाची तीव्रता उमटते. लहर कोणत्या क्षणीं उंचावली आणि कोणत्या क्षणीं खालावली, ही तिची ‘कला’ मात्र हरवते, आणि खोलीचें ज्ञान तर तिच्यांतच असतें. वस्तूवरून आलेल्या लहरीशीं दुसरी निर्मळ लहर भिडवावी, म्हणजे त्यांच्या मिलाफाच्या रेषांत ही कलाही नोंदली जाईल, असें गाबोर यांना सुचलें. या समग्र लेखाला त्यांनीं ‘होलोग्राम’ म्हटलें. त्याची खरी खुबी अशी, कीं एका जातीच्या लहरींनीं लिहावें आणि दुसऱ्या जातीच्या लहरींनीं वाचावें! १९६० सालीं लेसर अवतरल्यावर ही कल्पना फळास आली. १९७१ सालीं गाबोर यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

मग लिहिणारा हात ध्वनीचा कां नसावा? अमेरिकेंत म्यूलर व शेरिडन यांनीं १९६६ सालीं हेंच करून दाखविलें. वस्तूवरून आलेला आणि थेट सोडलेला असे दोन ध्वनि पाण्याच्या पृष्ठभागाशीं भेटले, कीं त्यांच्या दाबानें तेथें अतिसूक्ष्म वळ्या उठतात. पाणी हीच पाटी! तिच्यावर लेसरचा झोत टाकतांच परावर्तित प्रकाशांत बुडालेल्या वस्तूची आकृति उभी राही.

परंतु या सोयरिकींत एक विजोडपणा होता. सेकंदाला ५० लक्ष कंपनें करणाऱ्या ध्वनीची लहर पाण्यांत ०.३ मिलिमीटर लांब. लाल लेसरची लहर तिच्याहून सुमारें पावणेपांचशें पट आंखूड. त्यामुळें आकृतीची लांबीरुंदी जुळली तरी खोली भलतीच ताणली जाई. होलोग्राम त्याच प्रमाणांत लहान केला तर आकृति इवलीशी होई, आणि सूक्ष्मदर्शकांतून मोठी करून पाहावी तों खोली पुन्हां ताणली जाई. ज्या खोलीसाठीं एवढा खटाटोप, तीच हातीं लागेना!

अखेर मध्यस्थ म्हणून आलेल्या प्रकाशालाच निरोप मिळाला. ध्वनीचा दाब सूक्ष्मध्वनिग्राहकांच्या ओळींनीं मोजावा आणि वाचनाचें काम संगणकानें गणितानें करावें, हा मार्ग पुढें आला. पेनसिल्व्हेनियांत मेनार्ड, विल्यम्स प्रभृतींनीं १९८० च्या सुमारास हे ग्राहक कंपन पावणाऱ्या वस्तूच्या अगदीं निकट नेले. तेथें अशा कांहीं क्षीण लहरी असतात, कीं ज्या दूर जाण्यापूर्वींच विरून जातात; त्या पकडल्यामुळें लहरीच्या लांबीहून बारीक तपशीलही उमटूं लागला. धडधडणाऱ्या यंत्राचें आवरण नेमकें कोठें थरथरतें आणि त्याच्या कोणत्या भागांतून गोंगाट बाहेर पडतो, याचा नकाशा या रीतीनें पडद्यावर दिसतो. तेथें पाण्याचा हौदही नसतो आणि लेसरही नसतो.