हद्दीपलीकडच्या बाकीची कुळकथा

वाहनाने कोणाचा प्राण घेतला अथवा कोणास जन्माचे पंगू केले, तर नुकसानभरपाई विमा कंपनीने द्यावयाची आणि कंपनीची हद्द संपली म्हणजे राहिलेली बाकी मालकाच्या अंगावर यावयाची, असा क्रम आपण सामान्यतः गृहीत धरतो. परंतु या बाकीची कुळकथा पाहू गेल्यास क्रम नेमका उलटा दिसतो. मालकाचे दायित्व मूळचे, कित्येक शतकांचे आहे, आणि विमा हे त्या दायित्वावर गेल्या शंभर वर्षांत घातलेले पांघरूण आहे. एके काळी ते रकमेने तोकडे होते, आज ते अटींनी तोकडे आहे. आणि जिथे ते पुरत नाही तिथे जुनेच दायित्व उघडे पडते.

मराठवाड्यातील आमच्या लोहारा तालुक्यात हा विषय केवळ वकिलांच्या दप्तरातला नाही. दक्षिणेकडून नळदुर्ग, येणेगूर, उमरगा असा पुणे–हैदराबाद महामार्ग जातो, माकणीला तेरणा नदीवर धरण आहे, त्यावर होणाऱ्या उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांमागे जोडलेल्या ट्रॉल्या रात्री-अपरात्री रस्त्यावर असतात, आणि ज्याच्या नावावर ट्रॅक्टर असतो त्याच्याच नावावर बहुधा थोडीफार जमीनही असते. अपघाताचा निवाडा अशा माणसाविरुद्ध झाला आणि रक्कम भरली गेली नाही, तर तगादा तहसील कचेरीतून येतो आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढतो. ज्या कायद्याची भाषा त्याने कधी वाचलेली नाही, तो कायदा त्याच्या जमिनीवर येऊन उभा राहतो. यास्तव त्या कायद्याचे मूळ त्याला सांगणे अगत्याचे आहे.

ते मूळ शोधावयास फार लांब जाण्याचे कारण नाही. उमरग्याहून हैदराबादच्या दिशेने राज्याची सीमा ओलांडली की जवळच बसवकल्याण आहे. हेच चालुक्यांचे कल्याण. आणि याच राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) कारकिर्दीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, जिच्या आधारे पुढे कित्येक शतके या देशाच्या मोठ्या भागात वारसा आणि ऋण यांचे निवाडे झाले. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात असे सांगितले आहे की, बैलाची वेसण तुटली, जू मोडले किंवा गाडी मागे सरकली आणि त्यात कोणास इजा झाली, तर धन्याकडे दोष नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हाच विषय अधिक विस्ताराने येतो: आस मोडणे, चाक मोडणे, जोते वा लगाम तुटणे, हाकणाऱ्याने बाजूला होण्यासाठी ओरडून सावध केलेले असणे, या प्रसंगी दंड नाही, परंतु हाकणाऱ्याच्या अनाडीपणामुळे गाडी वाट सोडून गेली आणि हिंसा घडली, तर धन्यास दोनशे पण (तेव्हाची नाणी) दंड, हाकणारा निष्णात असेल तर दंड त्याचा त्याला, आणि अनाडी हाकणाऱ्याच्या गाडीत जे बसले असतील त्या प्रत्येकास शंभर पण. यंत्रातील बिघाड, चालकाची योग्यता, मालकाने केलेली चालकाची निवड, किंबहुना प्रवाशाची जबाबदारीसुद्धा, एवढे सगळे प्रश्न बैलगाडीच्या काळात विचारले गेले होते, याचे मला आजही आश्चर्य आणि कौतुक वाटते. अनाडी माणसाच्या हाती कासरा देणे हाच धन्याचा दोष, हे तत्त्व आजच्या विमापत्रात चालकाच्या परवान्याची अट होऊन बसले आहे.

एक भेद मात्र विसरता कामा नये. दंडाचे हे पण राजाच्या खजिन्यात जात. कोणाच्या वस्तूचे नुकसान झाले तर तिच्या मालकाचे समाधान करून तेवढीच रक्कम राजास द्यावी, असेही मनूने सांगितले आहे. परंतु मेलेल्याच्या विधवेस वर्षानुवर्षांचे उत्पन्न भरून देण्याची कल्पना या गाडीच्या प्रकरणात नाही. म्हणूनच बापाचे ऋण पुत्राने फेडावे असा दंडक घालणाऱ्या याज्ञवल्क्याने मद्य, द्यूत इत्यादींच्या ऋणाबरोबर दंडाची राहिलेली बाकीही पुत्राच्या माथ्यावरून उतरवली. आजची बाकी दंडाची नसून भरपाईची आहे, सबब ती मालकाबरोबर मरत नाही. वारसांना ती द्यावी लागते, मात्र मयताची जेवढी मालमत्ता हाती आली तेवढ्यापुरतीच.

इंग्लंडात तर जुन्या कायद्याने माणसाच्या मृत्यूस कारण झालेली वस्तूच, मग ते गाडीचे चाक असो वा घोडा, राजाकडे जात असे, आणि मृताच्या कुटुंबास दाव्याचा अधिकारच नव्हता. आगगाड्या सुरू झाल्या, मृत्यू वाढले, आणि १८४६ साली ती वस्तू जप्त करण्याची चाल बंद होऊन कुटुंबास दाव्याचा हक्क मिळाला. त्याच धर्तीवर ब्रिटिश हिंदुस्थानात १८५५ चा तेरावा कायदा झाला. पण हक्क मिळणे निराळे आणि पैसा मिळणे निराळे. मोटारी आल्यावर हा भेद फार लोकांनी सोसला, कारण हुकूमनामा हाती पडे आणि मोटारवाला कफल्लक निघे. म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून आणि इंग्लंडने १९३० च्या कायद्याने विमा सक्तीचा केला. तो मालकाला वाचवण्यासाठी सक्तीचा झाला नाही, रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी झाला. ‘थर्ड पार्टी’ या दोन शब्दांत ज्याचा उल्लेख आपण सहज करतो तो हाच तिऱ्हाईत.

मॅसॅच्युसेट्सने एका जखमीमागे ५,००० आणि एका अपघातामागे १०,००० डॉलरची किमान हद्द घातली, आणि हद्दीपलीकडच्या बाकीचा आधुनिक प्रश्न जन्मास आला. अमेरिकेत तो अजून तसाच आहे. कॅलिफोर्नियात ही किमान हद्द १ जानेवारी २०२५ पासून एका माणसामागे ३०,००० आणि एका अपघातामागे ६०,००० डॉलर झाली, तरी मोठ्या इस्पितळाचे बिल तिला सहज ओलांडते. तिकडे नोकरीस गेलेल्या आपल्या मुलामुलींनी किमान हद्दीच्या विम्यावर समाधान मानू नये.

आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला आणि त्यातील विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. लोहारा त्या वेळी निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा इकडे चालत नव्हता. निजामाच्या राज्यात १९३२ पासून रेल्वे खात्याच्याच बसगाड्या धावत, म्हणजे मोठा वाहनमालक सरकारच होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षी मोटार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्तांसाठी दावा न्यायाधिकरणे निर्माण केली.

न्यायाधिकरणांच्या या व्यवस्थेतील एक कलम माझ्या मते साऱ्या कथेचा कणा आहे. न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम देणे असणाऱ्याने दिली नाही, तर दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जावा आणि त्याने ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावी. रस्त्यावर मेलेल्या मजुराच्या विधवेचे येणे सरकारी साऱ्याच्या पंक्तीस बसले. मराठवाड्यात महसुलाची वसुली तेव्हा १३१७ या फसली सालच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्याने होत असे. १५ ऑगस्ट १९६७ पासून १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, आणि तिच्या १७६ व्या कलमात मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती व विक्री, स्थावराची जप्ती व विक्री, इतकेच नव्हे तर थकबाकीदाराची अटक, असे उपाय सांगितले आहेत. मोटार अपघाताचा बोजा सातबाऱ्यावर चढतो तो या वाटेने. विधवेच्या दृष्टीने पाहता ही तजवीज न्याय्य आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. परंतु ज्याच्याकडे जमिनीशिवाय दुसरे काही नाही त्याला ती किती जड जाते, हेही तितकेच खरे आहे.

आता रकमेच्या हद्दीकडे येऊ. १९३९ च्या कायद्याने खासगी मोटारीस माणसाच्या इजेपुरती हद्द घातली नव्हती. हद्द होती ती ट्रकला आणि बसला. मालट्रकसाठी ती प्रथम २०,००० रुपये होती, १९६९ च्या दुरुस्तीने ५०,००० आणि १९८२ च्या दुरुस्तीने १,५०,००० झाली. बसमधल्या एका उतारूमागे तर १९६९ नंतरही अवघे ५,०००. त्यापुढचे सारे मालकाने द्यावयाचे. एका अपघातात दोघे सापडले तर २०,००० दोघांत वाटून द्यावयाचे की प्रत्येकी, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८१ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी अपघात हा सोसणाऱ्याच्या बाजूने पाहावा, ज्याला इजा झाली त्याच्यापुरता तो एक अपघात, असा अर्थ लावून ती हद्द प्रत्येकास स्वतंत्र लागू केली. या पुण्याच्या न्यायाधीशाने कायद्याच्या अक्षरातून काढलेला हा अर्थ आपल्या न्यायालयीन इतिहासातील एक थोर माणुसकीचे कृत्य आहे. १ जुलै १९८९ पासून १९८८ चा नवा कायदा लागू झाला आणि तिऱ्हाइताच्या मृत्यू व इजेपुरती हद्दच निघून गेली: जेवढे दायित्व ठरेल तेवढे विमा कंपनीचे. मालमत्तेच्या नुकसानीस मात्र ६,००० रुपयांची वैधानिक हद्द राहिली. मोटारीच्या प्रचलित विमापत्रात ती साडेसात लाखांपर्यंत असते, पण हप्ता थोडा वाचवण्यासाठी ती ६,००० वर आणता येते, आणि तसे करणारा स्वतःचेच अहित करतो.

मग बाकी उरते कुठून? ती आता अटींतून उरते. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंह निकालाच्या तत्त्वाने न्यायालय बहुधा कंपनीला आधी रक्कम देण्यास सांगते आणि मग ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. विधवेला पैसा मिळतो, मालकाची सुटका होत नाही. मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसासाठी कंपनी जबाबदार नाही, असे त्याच न्यायालयाच्या २००२ च्या आशा राणी निकालाने ठरले. ट्रॅक्टरला आसन एकच, चालकाचे. मडगार्डावर किंवा ट्रॉलीत बसलेला मजूर हा साध्या विम्याने झाकला जाणारा तिऱ्हाईत नव्हे. गाडी विकली पण नोंदणी पुस्तकातले नाव बदलले नाही, तर नंतर ती कितीही हातांतून गेलेली असो, कायद्याने मालक तोच ज्याचे नाव पुस्तकात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले. ‘शंभराच्या स्टँपवर लिहून घेतले आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

यात रक्कम किती होते, हे एका कल्पित हिशोबाने पाहावे. महिना १५,००० मिळवणारा तीस वर्षांचा गवंडी, घरात अवलंबून चारजण. वर्षाचे १,८०,०००, स्वयंरोजगारी तरुणासाठी भावी वाढीचे ४० टक्के धरून २,५२,०००, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १,८९,०००, वयाचा गुणक १७, एकूण ३२,१३,०००, आणि वर व्याज. तीन-चार एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्यास हा आकडा पेलणारा नाही, आणि तो पेलला नाही म्हणजे गवंड्याच्या घरातही तो पोचत नाही. एका अपघातात दोन कुटुंबे अशी बुडतात.

ट्रॅक्टर-ट्रॉलीतून कामावर जाणाऱ्या मजुरांसाठी पुरेसा विमा सक्तीचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे; १९८८ मध्ये कायद्याने रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला जे दिले ते ऊसतोड मजुरालाही मिळाले पाहिजे, आणि ते देणे सरकारला अशक्य नाही. तोवर सास्तूर, आचलेर, माकणी, जेवळी येथील वाहनमालकांना माझी एवढीच विनंती आहे की, विमापत्राची मुदत आणि त्यातील वापराचा प्रकार आज घरी गेल्यावर वाचा; मजूर न्यावयाचे असतील तर माणसे नेण्याचा परवाना आणि विमा असलेलेच वाहन ठरवा; चालकाचा परवाना स्वतः डोळ्यांनी पाहा; आणि विकलेल्या गाडीवरचे आपले नाव परिवहन कार्यालयात जाऊन काढून घेतल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे समजू नका.