वीस बाय वीस

कौलांवर पाऊस इतका वाजत होता की लॅपटॉपमधलं संगीत ऐकूच येईना. त्या आवाजात माझी सहा माणसं अकरा मिनिटांत मेली. सुरण आणि कोनफळ हे लढवय्ये पहिले गेले, मग कणगं, मग रताळं. अळकुडी ही जादूगारीण, तिचा जीव मुळात चार, तो एका फटक्यात संपला. करांदा हा पुरोहित शेवटी एकटा उरला आणि तोही गेला. पडद्यावर थडगी आली.

"काका, सगळी खलास की ओ!" पुतण्या म्हणाला. त्याला फार वाईट वाटलेलं दिसलं नाही.

नावं त्यानेच ठेवली होती. आमच्या तालुक्याच्या गावी, जोयड्याला, दरवर्षी कंदमुळांचा मेळा भरतो, आमच्या कुणबी बायका कुठून कुठून खणून काढलेली मुळं तिथे मांडतात. पोरगा पुण्यात नोकरीला, पण गावाची आठवण त्याला अशी खाण्याच्या वाटेने येते. गेमचं नाव 'विझर्ड्री'. मूळ गेम 1981 सालचा. 'डिजिटल एक्लिप्स' नावाच्या अमेरिकी कंपनीने 2024 च्या मे महिन्यात तो नव्या चित्रांसह पुन्हा काढला. गंमत अशी की नवीन चित्रांखाली जुनाच गेम चालू असतो. कोपऱ्यात ॲपल टू या संगणकाचा मूळ पडदा उघडून ठेवता येतो : काळ्यावर पांढऱ्या रेघा, चार अक्षरं, बस. मी तो कोपराच बघत बसलो. नव्या चित्रांतले राक्षस फार राक्षस वाटतात.

मी आयुष्यभर जमीन मोजली. सरकारी नोकरी नव्हे, लायसन्सवाला. आमचा जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे मला ज्यांनी शिकवलं त्यांची सगळी भाषा टिपण, फाळणी आणि शंकुसाखळीची. तेहतीस फुटांची ती साखळी. 33 बाय 33 म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. साठी उलटल्यावर पुतण्या सुट्टीला आला आणि त्याने हे भुयार पुढ्यात ठेवलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न राक्षसांबद्दल नव्हता. मी विचारलं, "क्षेत्र किती?"

उत्तर सोपं आहे. दहा मजले, प्रत्येक मजला वीस चौकोन बाय वीस चौकोन. हे गेम ज्या कागदावरच्या खेळातून आले त्यात एक चौकोन दहा फुटांचा धरायची रीत होती. त्या हिशेबाने मजल्याची बाजू दोनशे फूट, क्षेत्र चाळीस हजार चौरस फूट. म्हणजे सदतीस गुंठ्यांना जरा कमी, एकरसुद्धा नाही. आमच्या परड्यामागची बाग त्याहून मोठी आहे. आणि तेवढ्या जागेत आम्ही कुठे मेलो ते मला सांगता येईना.

हे का महत्त्वाचं, तर या गेममध्ये मेलेली माणसं जिथे पडली तिथेच राहतात. गेम मागे नेता येत नाही. जे घडलं ते त्याच क्षणी डिस्कवर लिहिलं जातं. दुसरी तुकडी उभी करायची, खाली उतरायचं, प्रेतं शोधून वर आणायची आणि देवळात पैसे भरून उठवायची. देवळाचं नाव 'टेंपल ऑफ कँट', आणि तिथले पुजारी आधी रोकड मोजून घेतात. उठवणं फसलं तर माणसाची राख होते. राखेवर पुन्हा प्रयत्न करता येतो, जास्त पैशांत. तोही फसला तर नाव यादीतून कायमचं जातं. पोरांच्या खेळात असा नियम घालणारे लोक कोण, हे मला कळून घ्यायचं होतं.

तीही पोरंच होती. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले विद्यार्थी. दोघे आधी आपापला वेगळा भुयाराचा गेम लिहीत होते, मग एकत्र आले. 'सर-टेक' या कंपनीने तो विकला. सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या दुष्ट मांत्रिकाचं नाव वर्डना, आणि ज्याचा ताईत त्याने पळवला तो राजा ट्रेबर. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की अँड्र्यू आणि रॉबर्ट. इतकी मोठी नावं झाली तरी ग्रीनबर्ग पुढे वकील झाले. 2024 मध्ये, नवा अवतार निघाला त्याच वर्षी, ते वारले.

पण तुकडीची कल्पना त्यांची नव्हे. त्याआधी 1977 मध्ये 'उब्लिएट' नावाचा गेम होता. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या यंत्रणेवर तो चालायचा, आणि त्यात खरी माणसं आपापल्या टर्मिनलपाशी बसून एकत्र भुयारात उतरायची. विझर्ड्रीने त्या सगळ्या माणसांच्या जागी एकच माणूस बसवला आणि त्याच्या हाती सहा जण दिले. त्याच्याही मागे 1974 चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. त्याला संगणक लागत नाही. टेबल, फासे, कागद आणि चार-पाच मित्र लागतात. एक जण भुयाराचा धनी असतो, तो तोंडाने सांगतो : बोळ तीस फूट, मग डावीकडे दार. बाकीचे ऐकतात. त्या जुन्या खेळात ऐकणाऱ्यांपैकी एकाला ठरलेलं काम होतं : नकाशा काढणं. चौकटीचा कागद त्याच्यापुढे. तलवार कोणाचीही असो, परत यायची वाट त्याच्या पेन्सिलीत.

इथे मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षं हेच काम केलं, पण कुठल्या गोष्टीत मोजणीदाराला जागा मिळालेली पाहिली नव्हती.

आणखी मागे जायचं तर युद्धाच्या पटांपर्यंत जाता येतं. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा 'क्रीगस्पील' सुरू झाला. तो खऱ्या जमिनीच्या नकाशांवर खेळायचे, फासे टाकून मेले किती ते ठरवायचे. त्याच्या आधी ब्रुन्सविकच्या हेलविगने 1780 मध्ये बुद्धिबळाचाच पट वाढवून लढाईचा खेळ केला होता. आणि बुद्धिबळ म्हटलं की चतुरंग आलं : हत्ती, घोडा, रथ, पायदळ. हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे हेपण आपलंच?" मी विषय तिथेच सोडला. घोडा आपला असेल, अळकुडीला अकरा मिनिटांत मारणारा नियम त्यांचा आहे.

तर दुसऱ्या दिवशी मी कपाटातून आलेख कागद काढला. शिसपेन्सिल, खोडरबर. कोपऱ्यात शून्य-शून्य, तिथे जिना. नव्या अवतारात नकाशा आपोआप काढून मिळतो. तो मी पोराला बंद करायला लावला. तो रागावला, पण केला. 1980 च्या दशकात हे गेम खेळणारी सगळी दुनिया असेच कागद रंगवत होती. पुढे यंत्र नकाशा काढू लागलं आणि रीत मोडली. ती आठवण काही जणांना सुटली नाही. 2007 मध्ये जपानच्या 'ॲटलस'ने 'एट्रियन ओडिसी' काढला, त्यात खालच्या पडद्यावर काडीने नकाशा आपणच काढायचा. 2012 मध्ये फिनलंडच्या चौघांनी 'लेजेंड ऑफ ग्रिमरॉक' केला, त्यात जुन्या पद्धतीने खेळायचं म्हटलं की नकाशा बंद. म्हणजे आम्ही दोघं फार एकटे नव्हतो.

दुसऱ्या तुकडीला आम्ही नावं ठेवली नाहीत, एक-दोन-तीन असे आकडे दिले. दुःख कमी होईल असं वाटलं.

आता खेळ कसा लागतो ते सांगतो. एका वेळी एक पाऊल. डावीकडे भिंत, समोर अंधार. दार आलं तर लाथ मारून उघडायचं, तशी कळच आहे. आत काय आहे ते गेम धड सांगत नाही : "बुटकी माणसं", "हडकुळ्या आकृत्या", एवढंच. ओळख पटली तर पटली. आमच्या रानात असंच असतं. झुडपात काळं हललं की गवा, अस्वल की गावातली म्हैस, हे कळायला तीन श्वास लागतात, आणि त्यात अस्वल असेल तर तीन श्वास फार झाले. म्हणून आमच्या कुंभारवाडा गावात रानात एकटं कोणी जात नाही. पुढे कोयतेवाला, बायका-पोरं मधे, मागे जाणता माणूस. विझर्ड्रीतही पुढचे तीनच अंगावर घेतात, मागचे तीन मंत्र म्हणतात. पहिल्या खेपेला आम्ही अळकुडीला पुढे उभं केलं होतं. कारण तिचं चित्र चांगलं होतं.

जादूगाराला सुरुवातीला दोनच मंत्र टाकता येतात, मग झोप घेईपर्यंत तो नुसता माणूस. सरायीत तबेल्यात झोपणं फुकट आहे, मंत्र परत येतात पण जखमा भरत नाहीत. चांगल्या खोलीत झोपलात तर जखमा भरतात, पैसे जातात आणि वय वाढतं. ही शेवटची बाब मला फार पटली.

तिसऱ्या संध्याकाळी नकाशा चुकला. एक बोळ दुसऱ्या बोळावर चढला, खोलीच्या आत खोली आली. खोडून पुन्हा काढला, तेच. चूक माझी नव्हती. भुयारात असे चौकोन असतात की त्यांवर पाय पडताच तुमचं तोंड नकळत दुसरीकडे वळतं. त्यावर 'डुमापिक' नावाचा मंत्र आहे : तुम्ही जिन्यापासून पूर्वेला किती, उत्तरेला किती, तोंड कुठे, ते सांगतो. जमीन मोजताना आम्ही मागच्या खुंटीकडे परत बघून कोन तपासायचो, तेच हे. मंत्र टाकला, दोन चौकोन हलवले, बोळ जुळला.

बाबांची आठवण तेव्हा आली. ते जुन्या सुप्याचे. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं ते गाव, तालुक्याचं ठाणं. धरण 1987 मध्ये पूर्ण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या. म्हातारे अजून तालुक्याला सुपाच म्हणतात. बाबांनी नंतर एकदा आलेख कागदावर गाव काढलं होतं. बाजार, शाळा, घाट, आणि अंतरं बिड्यांत : बाजार ते घाट दीड बिडी. मी तेव्हा नवा मोजणीदार. मी सांगितलं, प्रमाण चुकलंय, घाट एवढा जवळ येत नाही. त्यांनी कागद घडी करून ठेवला आणि परत काढला नाही. त्यांच्या हातात डुमापिक नव्हता, आणि माझी साखळी तिथे टेकायला जमीनच उरलेली नव्हती.

पुन्हा तुकडीकडे येतो. इथून उळवीला जाणारी वाट ज्याने पाहिली आहे त्याला तुकडीने चालणं समजावून सांगावं लागत नाही. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, रक्तपात झाल्यावर चन्नबसवण्णा आणि शरणांची मंडळी पाठलाग चुकवत या रानात आली असं परंपरा सांगते. गव्या, म्हणजे गुहा, अजून दाखवतात : महामने गवी, अक्कनागम्माची गवी. माघात धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या ओळीने यात्रेला येतात. पुतण्याला मी विचारलं, त्या मंडळीत नकाशा कोणाकडे असेल? तो म्हणाला, "गाईड असेल की कोणतरी, इथलाच."

जपानात विझर्ड्रीचं काय झालं ते पुतण्यानेच सांगितलं. मूळ गेममध्ये 'ब्लेड कुझिनार्ट' नावाची एक जबर तलवार आहे. कुझिनार्ट ही अमेरिकेत स्वयंपाकघरातल्या भाजी चिरायच्या यंत्राची कंपनी, म्हणजे आपल्याकडे 'सुमीतची तलवार' म्हटल्यासारखं. जपानी लोकांना ती थट्टा कळली नाही. त्यांनी कुझिनार्ट हा कोणी थोर लोहार समजला, आणि गेम गंभीरपणे घेतला. 1986 मध्ये युजी होरिई यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' आला, तो विझर्ड्री आणि 'अल्टिमा' पाहूनच. तिथे पुढे जे गेम झाले त्यांच्या मुळाशी अमेरिकेतली ही एक मस्करी आहे.

पाचव्या दिवशी पहिल्या मजल्याचा बराच कागद भरला. खोल्या नीट बसल्या, दारांना टिंबं दिली. एका दारामागे शोध घेतल्यावर नावं आली : सुरण, कोनफळ, कणगं, रताळं, अळकुडी, करांदा. जिन्यापासून इतकं जवळ, की मी दोनदा चौकोन मोजले. मोजून अंतर सांगितलं तेव्हा पुतण्या हसायला लागला.

पण तुकडीत सहाच माणसं मावतात, प्रेतं धरून. आम्ही पुढचा-मागचा विचार न करता सहा जण घेऊन आलो होतो. वर परत. तिघांना दारूच्या गुत्त्यात सोडलं, तिघं खाली उतरले. तीन जाणार, तीन आणणार. दोन खेपा.

"पहिले कोण तीन?" त्याने विचारलं. देवळाचे पैसे मी हिशेबात धरले. एकाला पुरत होते, फार तर दोघांना.

"करांदा आधी," मी म्हणालो. "तो उठला तर दुसऱ्यांच्या जखमा तो बघेल."

"मग सुरण."

"मग सुरण."

तिसऱ्यावरून आमचं भांडण झालं. मला अळकुडी हवी होती, त्याला कोनफळ. तेवढ्यात करंट गेला. लॅपटॉपची बॅटरी चालू होती, पडद्याचा उजेड कागदावर पडत होता. पोराने पेन्सिल घेतली, त्या चौकोनात सहा छोट्या फुल्या मारल्या आणि तीन खोडल्या. कोणत्या, ते अंधारात मला दिसलं नाही.