मोजणीबाहेरची दिल्ली : जुलै २०२०

२०२० च्या उन्हाळ्यात दिल्ली सरकारचे आरोग्यपत्रक रोज प्रसिद्ध होई. १० जुलैपर्यंत त्यात बाधितांची एकूण नोंद सुमारे १ लाख ९ हजारांवर पोहोचली होती. मात्र ही संख्या चाचणी झालेल्यांपुरतीच होती. ज्याला लक्षणेच जाणवली नाहीत, तो सहसा चाचणीला जात नसे आणि पत्रकातही येत नसे.

ही उणीव जाणून राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने दिल्ली सरकारच्या साहाय्याने २७ जून ते १० जुलै या काळात सेरो सर्वेक्षण केले. अकराही जिल्ह्यांतून यादृच्छिक पद्धतीने लोक निवडून त्यांचे रक्त तपासण्यात आले. संसर्ग ओसरल्यावरही रक्तात प्रतिपिंडे काही काळ टिकतात; शोध त्यांचा होता. २१,३८७ नमुन्यांपैकी २३.४८ टक्क्यांत ती आढळली. सुमारे २ कोटी लोकवस्तीत याचा अर्थ जवळजवळ ४७ लाख बाधित. पत्रकातील एका नोंदीमागे प्रत्यक्षात चाळीसहून अधिक माणसे होती!

या निष्कर्षात दिलासा होता, तसा इशाराही. अनेकांना संसर्ग होऊन गेल्याचे कळलेही नव्हते. पण तीन चतुर्थांशांहून अधिक दिल्लीकरांना तो व्हायचाच होता. पुढे २० एप्रिल २०२१ रोजी एका दिवसात २८,३९५ रुग्ण नोंदले गेले. तपासलेल्या तिघांमागे जवळजवळ एक बाधित निघत होता. इतके प्रमाण चाचण्या अपुऱ्या पडत असल्याचे लक्षण असते. मोजणी त्या दिवशीही साथीच्या मागेच होती.