निळा पडदा

गेल्या ज्येष्ठांत भंडारदऱ्यास दोन दिवस राहण्याचा योग आला. बरोबर माझा एक जुना विद्यार्थी व एक विद्यार्थिनी अशीं दोघें होतीं. दोघेंही आतां पुण्यांत प्रोग्रामर म्हणून नोकरी करितात. काजवे पाहावयाचे म्हणून आम्ही शेंडी गांवांत उतरलों, तों त्याच सायंकाळीं पावसानें गांठलें, वीज गेली, आणि बॅटरीच्या उजेडांत गप्पा मारीत बसण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. गप्पांचा वाद झाला तो प्रोग्राम लिहावयास कोणतें साधन चांगलें यावरून. मुलीचा कैवार इंटेलिजे आयडियाला. मुलाचा व्हिज्युअल स्टुडिओ कोडला. "तुझ्या त्या पाटीला एक नांव शंभर फायलींत बिनचूक बदलतां येतें का रे?" हा तिचा सवाल. "जोड बसविली कीं येतें, तुझें तें धूड उघडेपर्यंत मात्र माझा चहा होतो," हा त्याचा जबाब. आमच्या लहानपणीं शाईचें पेन कीं बॉलपेन, यावरून शिक्षकांत असाच तंटा होत असे, त्याची मला आठवण झाली. मीं कोणाचीच बाजू घेतली नाहीं. परंतु या साधनांना इतिहास आहे, आणि त्यांतील एक प्रकरण माझ्यावरही शेकणारें आहे, हें मनांत राहिलें.

या धंद्याशीं ज्यांचा संबंध नाहीं अशा वाचकांसाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. प्रोग्राम लिहिणें हें एक काम. लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणें हें दुसरें, आणि तें 'कंपायलर' नांवाचा प्रोग्रामच करितो. चूक कोठें दडली आहे तें हुडकून काढणें हें तिसरें. सुतारानें करवतीसाठीं एका आळींत, रंध्यासाठीं दुसऱ्या आळींत आणि पटाशीसाठीं तिसऱ्या आळींत जावें, तशीच प्रथम या कामांची स्थिति होती. तीं सारीं अवजारें एका पडद्यावर मांडून देणाऱ्या साधनास 'आयडीई' म्हणतात. कोणता आयडीई बरा हें ठरवितांना लोक त्याच्या सोयींची जंत्री देतात. मला स्वतःला एकच कसोटी खरी वाटते. चूक हातून होणें आणि ती आपणांस कळणें, यांमध्यें किती काळ जातो?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं घडविलेला संगणक १९६० सालीं कामास लागला, व १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. त्याला आज्ञा द्यावयाच्या त्या छिद्रें पाडलेल्या कागदी पट्टीवरून. १९६४ सालीं त्याच संस्थेंत 'सीडीसी ३६००' हा मोठा संगणक आला, आणि छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांचा काळ आला. एका पत्त्यावर एक ओळ, ८० अक्षरांची. प्रोग्राम म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा. तो खिडकींत द्यावयाचा, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचें, आणि कित्येक तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं, छापील कागद हातीं पडला म्हणजे कळावयाचें कीं तिसऱ्या पत्त्यावर एक स्वल्पविराम राहून गेला आहे. या कष्टाचें वर्णन करणारे वडीलधारे शेवटीं अभिमानानें सांगतात कीं त्यामुळें आम्ही लिहिण्यापूर्वीं विचार करीत असूं. हें खोटें नाहीं. पण दुष्काळानें माणूस काटकसरी होतो म्हणून कोणी दुष्काळाची मागणी करीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाऊस उघडला तेव्हां आम्ही धरणाकडे फिरावयास गेलों. हें विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळांत बांधलें. प्रवरेच्या पात्रांतून तें सुमारें २७० फूट उंच उठलें आहे. ज्या पिढीनें तें उभारलें तिच्यापाशीं थिओडोलाइट, साखळी आणि लॉगॅरिथमचीं कोष्टकें, एवढींच अवजारें. १९६९ सालीं या भिंतीला गंभीर तडे गेल्याचें आढळलें, व पुढें टेकू देऊन ती बळकट करावी लागली. दोष कोणाचा, हा येथें प्रश्न नाहीं. बांधणाऱ्यांच्या गणिताला भिंतीनें उत्तर दिलें तें त्रेचाळीस वर्षांनीं, एवढेंच मीं मुलांना दाखविलें. माझी कसोटी त्यांना तेथें पटकन् उमगली.

आतां पुन्हां संगणकाकडे वळूं. लिहिणें आणि चालविणें एकाच जागीं आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत केमेनी व कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनीं 'बेसिक' भाषेच्या द्वारें केला. १९७५ सालीं म्युनिकच्या सॉफ्टलॅबनें 'माएस्ट्रो' हें खास प्रोग्रामरांसाठींच घडविलेलें यंत्र काढलें. पहिला आयडीई म्हणून पुष्कळ जण त्याचेंच नांव घेतात. परंतु आपल्याकडे येणारा धागा निघाला तो झुरिकहून. तेथें निकलाउस वर्थ यांच्या 'पास्कल' भाषेसाठीं कोणत्याही यंत्रावर सहज नेतां येईल असा कंपायलर तयार झाला. त्याच्या कर्त्यांत केशव नोरी हे भारतीय संशोधक होते; १९८१ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या टाटांच्या संगणक-संशोधन केंद्रांत पुढें त्यांनीं दीर्घ काळ काम केलें. झुरिकच्या त्या कंपायलरावरून कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगोच्या विद्यापीठानें आपला पास्कल उभा केला, आणि लहान संगणकांवर पास्कल रुळला. मग १९८३ सालीं बोरलँड कंपनीनें 'टर्बो पास्कल' बाजारांत आणला. अँडर्स हेल्सबर्ग या तरुण डेन गृहस्थानें लिहिलेला हा प्रोग्राम ४० किलोबाइटांच्या आंत मावत होता, किंमत ४९.९५ डॉलर, इतरांच्या कंपायलरांना शेंकडों डॉलर पडत असतां! त्यांत लिहावें, एक कळ दाबावी, आणि चूक असेल तर कर्सर आपण होऊन त्या चुकीवर जाऊन उभा राहावा. सीडीसीच्या खिडकींतला एक दिवस एका क्षणावर आला. प्रोग्रामरांच्या अवजारांच्या इतिहासांत याहून मोठी उडी मला दुसरी दिसत नाहीं.

त्याच घराण्यांत १९८७ सालीं 'टर्बो सी' व १९९० सालीं 'टर्बो सी प्लस प्लस' हीं भावंडें जन्मलीं, आणि त्यांचा निळा पडदा व त्यावरील पिवळीं अक्षरें महाराष्ट्रांतील कॉलेजांत येऊन बसलीं तीं कायमचींच. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचें 'लेट अस सी' विद्यार्थ्यांच्या पिशवींत आणि टर्बो सी प्रयोगशाळेंत, अशी ती जोडी होती. मी गणिताचा अध्यापक. संगणक शिकविण्याचें काम अंगावर आलें तेव्हां याच पडद्यावर प्रथम शिकलों आणि त्याच्या प्रेमांत पडलों. तो जुन्या, दुबळ्या यंत्रावरही धांवे. इंटरनेट मागत नसे.

परंतु जग थांबलें नव्हतें. प्रागच्या विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं आरंभिलेल्या कामांतून नेटबीन्स निघाला. २००१ सालीं इंटेलिजे आला, त्याच वर्षीं आयबीएमनें एक्लिप्स सर्वांस मोकळा करून दिला. २०१५ सालीं व्हिज्युअल स्टुडिओ कोड आला. यांत चूक कळावयास कळ दाबण्याचीही गरज उरली नाहीं. अक्षर उमटतांच त्याखालीं तांबडी रेघ ओढली जाऊं लागली. मुंबईच्या आयआयटीनें 'स्पोकन ट्यूटोरियल'च्या रूपानें हीं नवीं साधनें शिकविणारे पाठ मराठींतही फुकट दिले. आम्ही मात्र नव्या यंत्रांवर जुना टर्बो सी चालेना, तेव्हां 'डॉसबॉक्स' नांवाचा मुखवटा चढवून त्या यंत्रांनाच जुन्या डॉसचें सोंग घ्यावयास लावलें. इतका खटाटोप नवें शिकण्यासाठीं केला असता तर! 'आम्ही' म्हणून मी येथें थोडा लपतों आहें. आमच्या प्रयोगशाळेंत तो निर्णय माझाच होता.

त्याचा परिणाम धरणावरून परततांना त्या मुलीनें सांगितला, तोही हंसत हंसत. टर्बो सींत साध्या पूर्णांकाची धांव ३२,७६७ पर्यंतच. १ ते ८ हे आंकडे एकमेकांनीं गुणले तर ४०,३२० यावयास पाहिजेत. निळ्या पडद्यावर येत उणें २५,२१६. मी वर्गांत सांगत असें, "परीक्षेंत सातापुढें जाऊं नका." तिच्या पहिल्या मुलाखतींत नेमका क्रमगुणिताचाच प्रश्न निघाला. तिनें फळ्यावर लिहिलें, आणि आपण होऊन सांगितलें कीं आठाला हें चालत नाहीं. कां, असें विचारतां तिला उत्तर देतां आलें नाहीं. समोरच्या गृहस्थांनीं आपल्या यंत्रावर चालवून ४०,३२० दाखविले. ती नोकरी गेली. "सर, तेव्हां तुमचा फार राग आला होता," ती म्हणाली. मला बोलावयास कांहीं सुचलें नाहीं. चूक लवकर दाखविणारें अवजार मीं मुलांच्या हातीं दिलें होतें, आणि त्या अवजाराचीच मर्यादा नियम म्हणून शिकविली होती.

मुक्कामावर आल्यावर कालचा वाद पुन्हां निघाला, कारण नेटवर्क अजून आलें नव्हतें, आणि पुढची ओळ आपण होऊन सुचविणारा दूरचा कृत्रिम सहायक दोघांच्याही पडद्यावर मुका झाला होता. नांवें बदलणें, चूक दाखविणें हें ज्याचें त्याचें साधन घरच्या घरींच करीत होतें. एवढ्यापुरती दोघांचीही बरोबरी झाली. मग मीं त्यांना तेंच क्रमगुणित जावा भाषेंत, साध्या पूर्णांकांत, आपापल्या आयडीईमध्यें लिहावयास सांगितलें. येथें पूर्णांकाची धांव दोनशें कोटींच्या पुढें आहे. आठाला ४०,३२० आले. बाराला ४७,९०,०१,६००, तेंही बरोबर. तेराला ६,२२,७०,२०,८०० यावयास पाहिजेत. दोघांच्याही पडद्यावर उमटलें १,९३,२०,५३,५०४. हें उत्तर उणें नव्हतें, दिसावयास अगदीं सभ्य होतें, आणि ज्या ओळींनीं तें काढलें त्यांच्याखालीं दोहोंपैकीं एकाही आयडीईनें तांबडी रेघ ओढली नव्हती. मुलीनें कागद मागून घेतला व गुणाकार हातानें करूं लागली.